घरघर

चतुर्थीच्या दोन दिवस आधी पहाटे घरी पोचलो. खळ्यात बॅग टेकवली आणि हाक न मारताच मागच्या पडवीत गेलो, तर आई चुलीपुढे ओणवी होऊन फुंकणीने जाळ करत होती. तीच जुनी लोखंडी फुंकणी, तोंडाकडचं टोक ओठांनी घासून गुळगुळीत झालेलं. पावसात भिजलेली लाकडं फुसफुसत होती, त्यांच्या टोकांना पाण्याचे बुडबुडे आले होते आणि सगळी पडवी धुराने भरली होती. आईने वर पाहिलं. डोळे लाल, गालांवरून पाणी. ती हसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "इलंस? बस, पेज होयत इली." मी बसलो नाही. कोपऱ्यात पंख्याची चूल होती, मी तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आणून दिलेली. तिच्यावर सूप पालथं घातलं होतं आणि सुपावर कांद्यांची टोपली.

"आये, पंखो खय?"

"मेलो तो. दिव्यांच्या अवशेक."

दिव्यांची अवस ते चतुर्थी म्हणजे पाच आठवडे. सांगितलं का नाहीस, असं विचारल्यावर ती लाकूड आत सारत म्हणाली, "सांगान काय करूचा? तू थयसून काय करतलंस?" तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. पण खरी बोच तीही नव्हती. रोज संध्याकाळी साडेसातला मी डोंबिवलीहून तिला फोन करतो. ती वेळ तिच्या भाताची. फोन कानाला लावून ती चुलीशी बसते आणि तिच्या बोलण्यामागे त्या पंख्याची घरघर चालू असते. तीन वर्षं मी तो आवाज ऐकला होता. इतका, की मुलगी लहान असताना फोनवर "आजीचं विमान" म्हणायची. पाच आठवडे तो आवाज नव्हता. मी रोज फोन केला, जेवलीस का, पाऊस किती, गोळी घेतलीस का, सगळं विचारलं, आणि तिच्यामागे काहीच वाजत नाहीये हे माझ्या कानांना कळलं नाही.

हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण मी ज्या माणसाचा मुलगा, तो आयुष्यभर ऐकून पोट भरत होता. आमचं घर मालवणजवळच्या तळाशीलला. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर माड, सुरू आणि घरं. बाबा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की होड्या वर ओढल्या जायच्या आणि आमच्या खळ्यात इंजिनं यायची. डिझेलचा वास नारळाच्या भिजलेल्या सोडणांच्या वासात मिसळायचा. बाबा कधीही आल्या आल्या पाना हातात घेत नसत. इंजिन चालू होत असेल तर ते चालू करायला सांगत आणि लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरत. चालू होत नसेल तर ज्याची होडी त्याला समोर बसवून विचारत, बंद पडताना आवाज कसा आला होता, आधी काय झालं होतं. मी घाई केली की म्हणत, "आधी आयकूचा, मगे खोलूचा."

तर मी पेज प्यायलो आणि आईला विचारायला बसलो. अवशीच्या संध्याकाळी काय झालं? तिने सांगितलं: चूल पेटती होती, वर काळे वाटाणे शिजत होते, भडभडून जाळ होता, आणि लाईट गेली. अर्ध्या तासाने आली. पंख्याने घुर्रघुर्र केलं, जळका वास आला, गप झाला. दुसऱ्या दिवशी तिने बटण दाबून पाहिलं, अडॅप्टर काढून दुसऱ्या पिनेत घातला, काडीने पंखा ढकलून पाहिला. मग सूप पालथं घातलं. एवढं ऐकल्यावर आत काय सापडणार हे मला बरंचसं कळलं होतं. या चुलीत पंखाच स्वतःला थंड ठेवत असतो. बाहेरची गार हवा त्याच्यातून आत जाते, तोवर मागची धग त्याच्यापर्यंत पोचत नाही. जाळ चालू असताना पंखा थांबला की चुलीच्या पोटातली सगळी उष्णता त्या बोळातून उलटी मोटरीकडे येते. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून किती वेळा जाते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे प्रत्येक वेळी ती मोटर थोडी थोडी भाजत होती, आणि मी ती चूल आणून देताना हे एक वाक्यही आईला सांगितलं नव्हतं की लाईट गेली तर लाकडं बाहेर ओढ.

दुपारी पडवीत बाबांची पेटी उघडली. चार स्क्रू. तीन सुटले, चौथा गंजून बसला होता. त्यावर खोबरेलाचा थेंब सोडून तासभर वाट पाहिली, मग तो निघाला. पंख्याचं कवच दोन भागांत उघडलं. पात्यांची चकती प्लास्टिकची होती, पिंजऱ्यासारखी, आणि एका अंगाला किंचित झुकलेली. जिथे ती कवचाला घासत होती तिथे आतून चंद्रकोरीसारखा पांढुरका ओरखडा उमटला होता. आसाभोवती राखेचा चिकट लेप. राखेत क्षार असतो, आमच्या हवेत मीठ, आणि दोन्ही पाणी ओढून घेतात, त्यामुळे तिथे कोरडी राख न राहता काळपट मलम तयार झालं होतं. सर्किटच्या टिकलीएवढ्या पाटीवर तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्याला चढतो तो कळंक, तसाच्या तसा. आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "कळाकलाहा तां." माझ्याकडे त्याहून नेमका शब्द नव्हता. मिठाने तिला अर्धं खाल्लं होतं, उरलेलं आगीने.

फुंकणीचं मला एवढं का लागलं, ते सांगायला पाहिजे. माझी आजी शेवटची सहा-सात वर्षं माणसं आवाजावरून ओळखायची. मोतीबिंदू होता, काढला, तरी डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही. पहाटे चारपासून तिची चूल पेटायची. आधी न्हाणीचं पाणी, मग पेज, मग डुकराचं नाही तर म्हशीचं आंबोण, मग आमचं जेवण. पावसाळ्यात ओल्या लाकडाची काही धग त्यातलं पाणी आटवण्यातच जाते आणि जाळ नीट न धरल्याने धूर होतो. माडाची चुडतं भसकन पेटतात आणि विझतात. सोडणं धुमसत राहतात. सुरूचं लाकूड चांगलं, पण ते सुकलेलं पाहिजे. मग या सगळ्याला जाळ धरायला लावायचा तर फुंकायचं. छाती भरून श्वास घ्यायचा, नळीतून सोडायचा, आणि पुढचा श्वास घेताना समोरचाच धूर आत ओढायचा. लहानपणी मला वाटायचं, आजी चुलीला काहीतरी सांगते आहे. ती मग खोकायची, पदर तोंडावर धरायची, पुन्हा सांगायला लागायची. माझ्या आईने तीच जागा, तोच पाट, तीच फुंकणी घेतली.

धूर कमी करण्याचे प्रयत्न आमच्या घराने पाहिले नाहीत असं नाही. १९८३ साली देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातली एक धुराड्याची चूल काही वर्षांनी आमच्याकडेही बसली. सिमेंटची, दोन तोंडांची, मागे छपराबाहेर जाणारा पाईप. तिने धूर खरोखर बाहेर टाकला. पण तिचं तोंड आजीच्या मोठ्या टोपाला लहान पडायचं, आणि पाईप तिसऱ्या पावसाळ्यात खाऱ्या हवेने चाळणीसारखा झाला. तो बदलून कोण देणार, कुठे मिळणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. आजीने एका सकाळी ती कुदळीने फोडली आणि मातीची चूल घातली. आम्ही मुलं तेव्हा हसलो होतो. आता मला वाटतं, तिचं काही चुकलं नव्हतं. वस्तू देणारा देऊन गेला होता, आणि ती बिघडल्यावर काय, हा प्रश्न त्याने तिच्याकडे सोडला होता.

आणि मी तरी काय वेगळं केलं?

गॅस आहे आमच्याकडे. चहा, फोडणी, पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर. पण उकड्या तांदळाची पेज, वाटाणे, न्हाणीचं पाणी यांना गॅस लावणं आईच्या जिवावर येतं, कारण लाकूड दारात फुकट पडलेलं असतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला लागून वर सरकलं तेव्हा आमच्या मागचे माड आणि सुरू आडवे झाले. ती लाकडं फोडून मांगरात रचली, तेव्हाच मला ही पंख्याची चूल सुचली. ज्वाळा थेट लाकडाची नसते, लाकूड तापलं की त्यातून जळणारा वायू सुटतो आणि तो वायू जळतो. हवा पुरली नाही की तोच न जळता धूर होऊन डोळ्यांत जातो. या चुलीत पंखा थोडी हवा तळातून देतो आणि बाकीची वरच्या काठाजवळच्या भोकांच्या रांगेतून. ती वरची हवा सुटणाऱ्या वायूला गाठते आणि धूर व्हायच्या आधी तो पेटतो. पहिल्यांदा पेटवली त्या रात्री काठाभोवती ज्वाळांच्या जिभा आत वळून नाचत होत्या, आणि आई कितीतरी वेळ डोळे न चोळता नुसती पाहत राहिली होती. ते बघून मी डोंबिवलीला फार सुखाने परतलो होतो.

दुसऱ्या दिवशी मालवणला गेलो. चतुर्थीच्या आदल्या दिवसाचा बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या कवंडळांचे आणि हरणांच्या फुलांचे ढीग, तांबडे नारळ, पावसाची सर आली की सगळ्यांवर एकदम ओढली जाणारी निळी ताडपत्री. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मेलेली मोटर काचेवर ठेवली. दुकानदार भला माणूस. एवढ्या गर्दीतही त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि बारा व्होल्टचा, कॉम्प्युटरमध्ये असतो तसा चौकोनी पंखा दिला. "हवा हीच देणार," म्हणाला. मलाही पटलं. रात्री तो बसवला. हाताला वारा छान लागत होता. चूल पेटवली आणि पाच मिनिटांत धूर पंख्यातूनच उलटा बाहेर यायला लागला. त्या चौकोनी पंख्याला मोकळ्यावर वारा देता येतो, पण पुढे अरुंद बोळ आणि बारीक भोकं असली की त्याचा जोर पुरत नाही, हवा पात्यांमधूनच मागे फिरते. चुलीला पाहिजे असतो गोगलगायीच्या आकाराचा ब्लोअर, जो हवा मधून ओढून कडेच्या एकाच तोंडातून दाबून काढतो. मला हे माहीत होतं. घाईत विसरलो. आई काही बोलली नाही, तिने जळती लाकडं चिमट्याने एकेक उचलून मातीच्या चुलीत घातली आणि फुंकणी घेतली. त्या रात्रीचं तिचं ते फुंकणं मी पडवीच्या पायरीवर पाठ करून बसून ऐकलं.

दुकानदाराने बरोबर ब्लोअर कोल्हापूरहून मागवून दिला. तो येईपर्यंत चतुर्थी झाली, गौरी आल्या, माझी रजा संपली. मी दोन दिवस वाढवून घेतले. पार्सल हातात पडलं ते गौरी-गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी. पंचाहत्तर मिलिमीटरचा, बारा व्होल्टचा. भोकांची जागा जुन्याशी जुळते का हे आधी मोजून घेतलं होतं, तरी बसवताना एका बाजूला फट राहिली, सुरीचं पातं जाईल एवढी. अशी फट राहिली तर दाबलेली हवा तिथूनच निघून जाते. मी चिकटपट्टी लावायला घेतली. आई म्हणाली, "तां वितळतला. थांब." ती खाडीकडची चिकणमाती घेऊन आली, त्यात चाळलेली राख आणि थोडा भाताचा कोंडा घातला, पाण्याचा हात लावून मळली आणि तर्जनीने त्या फटीत भरत गेली. चुलीला लिंपण घालताना फिरतं तसं तिचं बोट फिरत होतं, कोपऱ्यात थांबून, दाबून, पुन्हा ओलं करून. चार स्क्रूंच्या डोक्यांवर मात्र तिने मातीचा कण जाऊ दिला नाही. "परत खोलूचा लागतला मां," म्हणाली.

वायरी जोडताना मी तिला शेजारी बसवलं. या मोटरीत कार्बन ब्रश नसतात, आत ते छोटं सर्किट असतं, म्हणून लाल आणि काळी उलटी जोडली तर चालत नाही, कदाचित जळतेही. लाल लालला, काळी काळीला. सोल्डर करून वर नळी चढवली आणि सांध्यांना व्हॅसलीन चोळलं, बाबा होडीच्या बॅटरीला ग्रीस लावायचे तसं. आणि या वेळी बारा व्होल्टची, सात अँपिअर-अवरची एक बॅटरी आणली, साधारण मोटरसायकलच्या बॅटरीएवढी. ब्लोअरला लागतो ०.३ अँपिअर. हिशेबाने ती वीस तासांहून जास्त चालायला हवी. सगळी बॅटरी कधीच वापरू नये आणि जुनी झाली की ती कमीच देते, पण आम्हाला अर्ध्या-पाऊण तासाचीच गरज. लाईट गेली तरी पंखा थांबणार नाही. एवढी साधी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी केली असती तर पाच आठवड्यांचा धूर वाचला असता.

संध्याकाळी चूल पेटवली. चुडताचा शेंडा, त्यावर सुरूच्या काटक्या, बटण एक नंबरवर. आधी थोडा धूर, मग भोकांच्या रांगेतून जिभा फुटल्या, एकामागून एक, आणि धूर विरला. आई पाटावर बसून कान देऊन ऐकत होती.

"ह्येचो आवाज बारीक आसा," ती म्हणाली.

होता. जुना खालच्या सुरात घरघरायचा, हा शीळ घातल्यासारखा. मग ती आपणहून बोलायला लागली. म्हणाली, फुंकताना जाळ कसा आहे ते छातीला कळतं. किती धरलंय, किती नाही. पंख्याचं तसं नसतं, तो आपला एकसारखा वारा देतो, आपण नुसतं बघत राहायचं. पहिले कितीतरी दिवस तिला या चुलीपुढे हात रिकामे वाटायचे. मग हळूहळू ती त्याच्या आवाजावरून ओळखायला शिकली. राख भरली की तो जड व्हायचा, लाकूड जास्त झालं की दबायचा. मेला त्याच्या आधी पंधरा दिवस त्याचा सूर बदलला होता, तिला कळलं होतं. मी विचारलं, मग तेव्हा तरी सांगायचंस. ती म्हणाली, "फोनार तुका आयकूक येत आसतला, असा माका वाटला."

यावर काय बोलणार. मी चिमट्याने एक काटकी नीट केली. तिला फुंकणीबद्दल जे वाटतं त्याला मी नाव ठेवू शकत नाही, आणि तिने पुन्हा ती हातात घ्यावी असंही मला वाटत नाही. आजीचा खोकला मी ऐकलेला आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या छातीत आहेत आणि त्या एकमेकींशी भांडत नाहीत, नुसत्या बसून आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी दुकानात दुसरा तसाच ब्लोअर सांगून ठेवला. तो आला की आई घेऊन येणार होती. जुनी मेलेली मोटर तिच्यापुढे ठेवली आणि तिच्याकडून चारदा खोलून चारदा बसवून घेतली. पहिल्यांदा तिचा हात कापत होता, पेचकस खाचेतून सटकत होता. चौथ्यांदा ती बोलत बोलत करत होती, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची होडी कर्जात आहे. बाबांची पेटी मी डोंबिवलीला नेणार होतो, बरीच वर्षं म्हणत होतो. ती तिथेच ठेवली, तांदळाच्या डब्याशेजारी.

परवा साडेसातला फोन लावला. तिने उचलला आणि नेहमीसारखं काही न विचारता म्हणाली, "आज मी तो खोललंय. जड झालेलो. राख काढलंय, बुरशान पुसलंय." मी विचारलं, स्क्रू? "तीन गावले. चवथो खय पडलो कोण जाणा. थय तार बांधलंय." मागे काटक्या तडतडत होत्या. मी म्हटलं, तारेने कवच तिरकं बसलं असेल, कुठे घासतंय का? ती म्हणाली, "रव, तूच आयक," आणि फोन चुलीजवळ नेला.

मी दुसऱ्या कानात बोट घालून ऐकत उभा राहिलो. बारीक शीळ, एकसारखी. बऱ्याच वेळाने एकदा, मध्येच, काहीतरी हलकंसं टेकल्यासारखं वाटलं. आये, म्हटलं, डाव्या अंगाची तार अजून एक पीळ दे.